दोन नंबर स्टँडखालची नावं

गावंडेकाकांना कुणाच्या घरी न्यायची मला धास्तीच वाटायची. माणूस चप्पल काढतो, बसतो, पाणी पितो, मग चार गोष्टी बोलतो. यांचं तसं नाही. पाण्याचा ग्लास हातात यायच्या आत हे विचारणार, "तुमच्या आंधी इथं कोन राहे?" नव्या घराचं कौतुक करायला बोलावलेला पाहुणा जुन्या माणसांची चौकशी करायला लागला की यजमानाचं तोंड उतरणारच. रायपूरच्या तेलीबांध्याला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मी आधीच बजावून ठेवलं होतं, काका, बिल्डिंग कोरी करकरीत आहे, आमच्या आधी इथं कुणी राहिलेलं नाही, तेव्हा आजच्या दिवस तेवढं सोडा. ते हो म्हणाले. पोटभर श्रीखंड-पुरी जेवले आणि पाय मोकळे करून येतो म्हणून खाली उतरले. अर्ध्या तासानं वर आले ते चौकीदाराकडून सगळी माहिती काढूनच. इथं भाजीची बाडी होती, भाटे म्हणजे वांगी आणि टमाटर लागायचे, बाडीवाल्या म्हातारीचं नाव सुकवारो, आणि तिची विहीर आमच्या लिफ्टखाली बुजवलेली आहे. त्या दिवसापासून माझ्या सासूबाई लिफ्टमध्ये शिरताना हात जोडतात.

ही खोड त्यांना जन्माची नव्हती. लोक परदेशातून सेंटच्या बाटल्या आणतात, हे ही खोड घेऊन आले होते.

नामदेव गावंडे म्हणजे रायपूरजवळच्या उरल्याच्या, लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमधले फिटर मिस्त्री. मी त्याच मिलच्या ऑफिसात होते, पत्रव्यवहार आणि टायपिंग माझ्याकडे. त्यांचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. काका बुटके, रुंद, कानावर कायम खडू अडकवलेला. बोलणं कमी, पण कामाचा गर्व असा की विचारू नका. मिस्त्री लोक मशीनला कान लावून ऐकतात, हे लांब उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, "मशीन बोलली नाही पाह्यजे. बोलली म्हंजे मिस्त्री चुकला." आणि त्यांनी उभी केलेली मशीन खरंच बोलायची नाही. उरल्यातल्या दुसऱ्या कारखान्यांचे मालक त्यांना 'नुसतं पाहून जा' म्हणून गाडी पाठवायचे, आणि गाडीत बसताना काकांची मान ताठ व्हायची.

आमच्या मोठ्या सेठनी एकदा चेक देशातली एक बंद पडलेली मिल विकत घेतली. जुनी, पण दणकट. गावाचं नाव ब्रोदेत्स, अगदी सरहद्दीवर, एक नदी आणि पलीकडे जर्मनी. ती मिल तिथं जाऊन खोलायची, पेट्यांत भरायची आणि उरल्यात जशीच्या तशी पुन्हा उभी करायची, असं ते काम. काका पाच जणांना घेऊन आठ महिन्यांसाठी गेले. काकूंनी जाताना दहा किलो तिखट बांधून दिलं होतं. ते विमानतळावर अडलं, ते वेगळं सांगायला नको.

खोललेल्या प्रत्येक तुकड्यावर ते दोन आकडे रंगवायचे. पांढरा आकडा म्हणजे तुकडा कुठे बसतो, पिवळा म्हणजे तो कितवा निघाला. "जे आखरीले निघते, ते पैले बसते," हे त्यांचं सूत्र. रोज संध्याकाळी यादी फॅक्सनं यायची आणि मी ती टाइप करायचे. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की यादीच्या कडेला, नट-बोल्टांच्या शेजारी, काका काहीतरी वेगळंच लिहायला लागले आहेत. 'बेअरिंग कॅप, चार नग. इथं चर्चच्या मागं अर्ध्या स्मशानात फुलं आहेत, अर्ध्यात गवत. का ते उद्या विचारतो.' दुसऱ्या दिवशी, 'स्पिंडल, दोन नग. गवतातले लोक जर्मन बोलणारे होते.' अहो, मला वजनं हवी होती आणि हा माणूस स्मशानात हिंडत होता. पण खरं सांगते, पुढे पुढे मी यादीची वाट त्या कडेसाठीच पाहायला लागले.

अशा आठ महिन्यांच्या कडांमधून मला ब्रोदेत्स कळलं. चार रस्त्यांचं गाव. मिल उभी राहिली त्या काळात तिथं बहुतेक घरं जर्मन बोलणाऱ्यांची होती, पिढ्यान् पिढ्यांची. दुसरं महायुद्ध संपलं आणि सरकारनं त्यांना देश सोडायला लावला. हातात मावेल तेवढं घेतलं आणि नदीपार गेले. मग त्या रिकाम्या घरांत लोक आले, कुणी देशाच्या आतल्या भागातून, कुणी डोंगरातून, कुणी आणखी लांबून. कपाटात दुसऱ्याच्या बश्या, भिंतीवर दुसऱ्याच्या खिळ्याचा डाग. त्यानंतर सरकारनं नदीकाठी काटेरी तार ओढली, शिपाई उभे केले, आणि गावात सख्ख्या बहिणीला यायचं तरी परवानगीचा कागद लागायला लागला. चाळीसेक वर्षं गाव तसंच तारेला पाठ लावून जगलं, आणि जगलं ते मिलवर. पुढे तार निघाली, पूल खुला झाला, आणि मिलच्या मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. जुन्या जकात नाक्याच्या शेडमध्ये आता एक व्हिएतनामी बाई दुकान चालवत होती. काकांना हिरवी मिरची मिळाली ती तिच्याकडेच.

लोक कसे आहेत, असं मी विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, 'आपल्या रेल्वे कॉलनीसारखे. सगळे बाहेरून आलेले, म्हणून अंगण जास्तच झाडतात. पण शेजाऱ्याला मागचं कोणी विचारत नाही.' यावर त्यांचं एक म्हणणं होतं, ते मी पुढे शंभरदा ऐकलं: "गाव कोनाचं? जो झाडते त्याचं. पन आंधी कोन झाडे, हे इचारलं पाह्यजे."

आपली मिल खोलली जाते आहे हे पाहायला रोज एक म्हातारा यायचा. यारोस्लाव त्याचं नाव, काका त्याला यारोबा म्हणत. आयुष्य त्या मिलमध्ये गेलेलं. पहिला महिनाभर तो नुसता बाकावर बसून पाहायचा. काकांच्या लोकांनी एक हौसिंग, म्हणजे रोल धरणारी जड चौकट, घाईत ओढलं तेव्हा तो उठला आणि काठीनं त्यांना थांबवून पाचर कुठं मारायची ते दाखवलं. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. यारोबाची मुलगी हाना गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळा सुटली की ती यायची आणि दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे सांगायची. काकांचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं, पण तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

त्या मिलमध्ये एक रिवाज होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी माणसानं अक्षरांचे पंच, म्हणजे लोखंडावर ठोकायचे ठसे, आणि हातोडी घेऊन आपलं नाव स्वतःच्या हातानं मिलच्या अंगावर ठोकायचं. लोखंड लाटणारे रोल ज्यात बसतात त्या उभ्या सांगाड्यांच्या, म्हणजे स्टँडच्या, बाजूंवर अशा नावांच्या रांगा होत्या. काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी यादीच्या कडेला सगळी नावं उतरवून काढली, आणि मला ती टाइप करावी लागली. सगळी चेक नावं. मग दोन नंबर स्टँडची बेडप्लेट निघाली. बेडप्लेट म्हणजे जाड लोखंडी पाट, ज्यावर स्टँड उभा राहतो. मिल बसवल्यापासून ती कुणी उचललेली नव्हती. क्रेननं उचलून उलटी केली तर खालच्या बाजूला नावं होती, पन्नासेक, आणि ती सगळी जर्मन. मिल ज्यांनी पहिल्यांदा उभी केली त्यांनी ती नावं पाट बसवण्याआधी ठोकली होती.

यारोबा बराच वेळ बाकावरून उठला नाही. मग आला, गुडघे टेकून बसला आणि एकेक नाव वाचायला लागला. हानानं नंतर काकांना सांगितलं ते असं. ते लोक गेल्यावर नव्यानं आलेल्यांनी स्टँडच्या बाजूंवरची जर्मन नावं घासून काढली होती आणि त्या जागी पुढे आपली ठोकली. घासायचं काम ज्या अठरा वर्षांच्या पोराला दिलं होतं, तो यारोबा. सहा दिवस तो घासत होता. ज्या घरात तो राहायला गेला त्या घरमालकाचं नावही त्यानं घासलं. रिवाज त्या लोकांचा, तोच यांनी उचलला, आणि ज्यांचा उचलला त्यांचीच नावं पुसली, ही गोष्ट त्यानं तोवर मुलीलासुद्धा सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यारोबा नगरपालिकेत गेला. ही एक प्लेट गावात राहू द्या म्हणाला. तेव्हाच्या नगरसेवकांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, जुनी दुखणी उकरू नका, मिल विकली आहे, सगळं जाऊ द्या. म्हातारा पाय ओढत परत आला. हाना म्हणाली, आज नाही मागणार, पण आणखी वीस वर्षांनी हेच गाव ही प्लेट मागेल. तेव्हा काका म्हणाले, "तवर मी ठेवतो." मी विचारलं होतं, काका, असं वचन काहून देऊन बसले, तिच्याकडे फोटो आहेत ना? तर म्हणाले, "फोटो कागदाचा असते पोट्टी. त्याइनं लोखंडावर मारलं."

आता ठेवतो म्हणणं सोपं. प्लेट मिलचा भाग, ती उरल्यात पुन्हा जमिनीत बसणार. ब्रोदेत्समध्ये ती जुन्या पद्धतीनं घडीव दगडावर कोरडीच बसवली होती, म्हणून नावं वाचली; आमच्याकडे बसवताना पाटाखाली सिमेंटचा पातळ गारा ओततात आणि तो लोखंडाला घट्ट धरतो. धरला की अक्षरं त्यात गेली. पुढे कधी उपटायची वेळ आली तर घण आणि ड्रिल, आणि मग नावं कुठली राहतात. गारा धरू नये म्हणून एकच इलाज, पाटाला खालून ग्रीस फासायचं. आणि पाटाला ग्रीस लावणारा फिटर म्हणजे देवघरात चप्पल घालून जाणारा. तसं केलं की पकड राहत नाही आणि स्टँड थरथरतो. हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

त्यांनी फासलं. मला कळलं ते ग्रीसची मागणी माझ्या टेबलावर आली म्हणून. एका स्टँडला एवढं ग्रीस कशाला, असं मी सहज विचारलं. खोटं त्यांना येत नव्हतं. दार लोटून घेतलं, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुले ठाऊक हाय आन मले ठाऊक हाय. तिसऱ्याले नाही." मी भडकले. म्हटलं, सेठचं मीठ खाता आणि सेठच्याच मशीनला खोट ठेवता? आणि तुमचं नाव खराब होईल त्याचं काय? त्यांनी मागणीचा कागद काही परत घेतला नाही. मी सही केली. चूक होती का? होती. आजही मी ती चूकच म्हणते, आणि आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा सही करीन.

मिल सुरू झाली. सगळे स्टँड शांत, दोन नंबर थरथरायचा. फार नाही, पण ज्याला कान आहे त्याला कळायचं. शिफ्टमधली मुलं म्हणायला लागली, 'गावंडे भैया का दो नंबर.' मीटिंगमध्ये मॅनेजर तेच म्हणायचा. दुसऱ्या कारखान्यांच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. ज्या माणसानं आयुष्यभर मशीन बोलू दिली नाही, त्याच्या नावानं एक मशीन रोज बोलत होती आणि तो ऐकत होता. त्या थरथरीनं कुणाला इजा होऊ नये म्हणून दर रविवारी मिल बंद असताना ते स्वतः जाऊन बोल्ट कसायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा जायचे, स्कूटरवर, उरल्याच्या त्या धुळीतून. काकू चिडायच्या. मला म्हणायच्या, याइचं तिथं कोनी ठेवलं हाय का? मी म्हणायचे, हो काकू, पन्नासेक जणं आहेत.

मोठे सेठ गेले. त्यांच्या मुलानं, छोट्या सेठनी, नवी मिल मागवली आणि जुनी भंगारात काढायचं ठरवलं. भंगार म्हणजे शेजारचीच भट्टी, आज उचललं की उद्या पाणी. मी काकांना फोन केला आणि हानाला ईमेल पाठवला. यारोबा कधीच गेला होता. हानाचं उत्तर चार दिवसांनी आलं. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं आता नगरपालिकेत बसत होती, त्यांनी एकमतानं प्लेट मागितली होती. वीस वर्षंही लागली नव्हती.

आता मागायची कशी? मी म्हटलं, ऐतिहासिक वस्तू आहे असं एक चांगलं पत्र लिहिते, तुमच्या ग्रीसचं नाव काढायची गरज नाही. काका म्हणाले, "आजवर गप राहिलो, आता खोटं नाही." ते इस्त्रीचा शर्ट घालून छोट्या सेठच्या केबिनमध्ये गेले. मी सोबत होते. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"सेठ, दो नंबर मशीन की गलती से नहीं हिलता था," ते म्हणाले. "मैंने हिलने दिया."

मग ब्रोदेत्स, यारोबा, नावं, ग्रीस, सगळं सांगितलं. हिंदीत सांगताना अडखळले तिथं मी शब्द दिला. या स्टँडची किती बेअरिंगं बदलली हे छोट्या सेठना पाठ असणार. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "बाबूजी को मालूम था?"

"नहीं. मालूम होता तो निकाल देते."

"निकाल ही देते," छोटे सेठ म्हणाले. आणि फोन उचलून त्यांनी क्रेनवाल्याला दोन नंबरची प्लेट बाजूला ठेवायला सांगितली.

प्लेट उचलली तेव्हा मी तिथं होते. सिमेंट खाली राहिलं, पाट अलगद सुटला. काकांनी डिझेलमध्ये फडका बुडवला आणि काळं ग्रीस पुसत गेले. अक्षरं कालच ठोकल्यासारखी. मी एवढी वर्षं ज्यांच्या गुपितावर बसले होते ते लोक पहिल्यांदा पाहत होते. काका वाचत नव्हतेच, त्यांना ती पाठ होती. वेन्झेल, आन्तोन, योसेफ, दुसरा योसेफ. क्रेनवाला खाली उतरून आला आणि त्यानं नकळत चप्पल काढली. आमच्या रायपूरच्या एका मिस्त्रीनं सात समुद्रापलीकडच्या गावाचं नाक सांभाळून ठेवलं होतं, स्वतःचं कापून घेऊन.

पेटी त्यांनीच बांधली. बंद करायच्या आधी मी पंचांचा डबा पुढे केला. म्हटलं, काका, रिवाज आहे, तुमचा शेवटचा दिवस आजच समजा, नाव ठोका. त्यांनी डबा माझ्या हातात परत दिला. "ज्याचं काम हाललं, त्यानं नाव नाही मारायचं," म्हणाले. मी वाद घातला, रडकुंडीला आले, पण फिटरच तो, एकदा कसलेला बोल्ट. पेटीवर त्यांनी पांढरा आकडा रंगवला, पिवळा रंगवला आणि झाकण ठोकलं.

पेटी समुद्रात असतानाच काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दोन महिन्यांनी हानाचं पत्र आलं. प्लेट जुन्या मिलच्या फाटकापाशी उभी केली होती. नदीपलीकडून लोक आले होते, एका म्हातारीनं आपल्या आजोबांच्या नावावर बोट ठेवलं आणि ते काढेचना. खाली एक कोपरा गावानं मोकळा ठेवला होता आणि तिथं ठोकायला हानाला काकांचं नाव देवनागरीत लिहून हवं होतं. मी तिला कळवलं की त्यांनी स्वतः नकार दिला आहे, आणि का तेही लिहिलं. त्यांच्या शब्दाबाहेर जायचा माझा अधिकार नव्हता.

तिचं उत्तर आलं. नगरपालिकेनं बसून ठरवून दिलेलं होतं. "आमच्या गावानं एकदा नावं पुसली आहेत," त्यात लिहिलं होतं. "ज्यानं या प्लेटसाठी काम केलं त्याचं नाव पुन्हा गाळायचं पाप आमच्याकडून होणार नाही. तो नाही म्हणाला असेल. आम्ही हो म्हणतो."

ते पत्र घेऊन मी काकूंकडे गेले आणि मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले, दोन्ही हातांनी टेबल साफ केलं आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. मी जाड पेन घेऊन, शिरोरेघ सरळ ओढून लिहिलं: नामदेव गावंडे, फिटर मिस्त्री, रायपूर.

काकूंनी कागद जवळ ओढला, चष्मा लावून पाहिला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"आनखी मोठं लिही," त्या म्हणाल्या.